धर्माचा रकाना

‘निरंक’ हा शब्द शुद्ध लिहिला होता. भालेराव सरांनी आधी तेवढंच पाहिलं. नि पहिली, अनुस्वार रच्या डोक्यावर जिथे हवा तिथे, अक्षर निरंजनचं, उजवीकडे जरासं कललेलं पण सुवाच्य. काळेवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या उन्हात, मोबाइलवर आलेला फोटो दोन बोटांनी मोठा करून ते पाहत होते. फोटोखाली मुलाचा निरोप होता: पप्पा, दिव्याचा पहिलीचा अर्ज आहे, सोमवारी द्यायचाय, शुद्धलेखन बघा. बत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसासाठी मुलाने एवढं तरी काम शिल्लक ठेवलं याचं त्यांना बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्यातच ते वरून एकेक ओळ तपासत खाली आले होते. जन्मतारीख अक्षरी लिहिताना निरंजनने ‘एकोणिस’ केलं होतं, ते ‘एकोणीस’ हवं. पत्त्यात चऱ्होली बरोबर होतं. मग धर्म हा रकाना आला आणि त्यात निरंक. त्याखालच्या जातीच्या रकान्यातही निरंक, ते तर त्यांना एरवी आवडलंच असतं. पण वरच्या निरंकवरून बोट खाली सरकेना. शब्दात चूक सापडत नव्हती आणि काहीतरी फार चुकलं होतं. छातीत डाव्या बाजूला कोणीतरी चिमटा काढून तो सोडायला विसरावं तसं झालं, आणि आपण सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे त्यांना आठवेना.

हा शब्द त्यांनी लाल शाईने शेकडो वेळा लिहिला होता. पिंपरीतल्या शाळेत नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं, अक्षर चांगलं म्हणून, मुख्याध्यापकांनी त्यांना जनरल रजिस्टर लिहायला बसवलं होतं. शेरा, निरंक. पूर्वीची शाळा, निरंक. ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नाही, तिथे रेघ मारायची नाही, निरंक लिहायचं, म्हणजे नंतर कोणी काही घुसडू शकत नाही. रजिस्टरात एकदा गेलेला शब्द माणसाच्या पाठीवर कायमचा बसतो हे त्यांना ठाऊक होतं. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरून, पुढचं कॉलेज त्यावरून, नोकरी त्यावरून. दाखल्यावरचं एक अक्षर बदलायला पन्नाशीतले लोक हेलपाटे घालताना त्यांनी पाहिले होते. आणि त्यांच्या घरात तर ‘ख्रिस्ती’ हा शब्द असा सहज आलेला नव्हता. शेवगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी आजोबा आपल्या पोराला शाळेत घालायला गेले, तेव्हा गुरुजींनी धर्माच्या जागी जुनी जातच लिहिली होती. आजोबा निरक्षर. त्यांनी मिशनच्या बंगल्यावर जाऊन ‘ख्रिस्ती’ हा एवढा एकच शब्द ओळखायला शिकून घेतला, कसा दिसतो, कुठे वळतो, आणि मग परत शाळेत येऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले. गुरुजी म्हणाले, लिहिलं, जा. आजोबा म्हणाले, दाखवा. तीन वेळा असं झालं. तिसऱ्या वेळी तो शब्द तिथे खरोखरच होता. त्यांना उभ्या आयुष्यात वाचता आलेला तो एकमेव शब्द. सरांच्या वडिलांनी ही गोष्ट सांगताना दरवेळी आवाज खाली आणला होता, आणि सरांनी ती निरंजनला सांगितली होती की नाही, हे आता, गॅलरीत उभं राहून, त्यांना निश्चित सांगता येत नव्हतं. सांगायची म्हणून ठेवून दिलेल्या गोष्टी सांगितल्यासारख्याच वाटू लागतात.

दुपारी कंपनीत जेवणाची सुट्टी होते ती वेळ धरून त्यांनी फोन लावला. निरंजन चाकणला गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात होता. मागे भांड्यांचा आणि हिंदीचा कल्लोळ ऐकू येत होता. सरांनी आधी एकोणीसची दीर्घ सांगितली. मग म्हणाले की धर्माच्या रकान्यात शब्द राहिलाय.

“राहिला नाही पप्पा. लिहिलाय.”

पुढे तो शांतपणे बोलला, आणि ते शांत असणंच सरांना सहन झालं नाही. तो म्हणाला की त्याला कोणाला दुखवायचं नाही, बायकोच्या, वर्षालीच्या, माहेरच्यांचाही यात काही संबंध नाही, तिचं म्हणणं एवढंच की काहीही लिहा पण सोमवारी द्या. पण अर्जाखाली ‘वरील माहिती सत्य आहे’ असं छापलेलं असतं आणि त्याखाली सही त्याची असते. त्याचा देवावर विश्वास नाही. घरात प्रार्थना होत नाही. मग ख्रिस्ती लिहिणं खोटं होईल. सरांनी विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, तीनचार वर्षं झाली असतील. काय झालं होतं, त्यांनी विचारलं. कारण काहीतरी झालेलं असणार, एखादं दुःख, एखादी न ऐकली गेलेली मागणी, चर्चच्या मंडळीतल्या कोणाचा तरी अपमानकारक शब्द. जखम असली की तिच्यावर हात ठेवता येतो.

“काहीच झालं नाही पप्पा. एक दिवस लक्षात आलं की आपण हे धरत नाही. बस.”

मग, बहुधा वडिलांचा श्वास ऐकून, तोच म्हणाला की सोमवारी त्याने सुट्टी टाकली आहे. शाळा मोशीला. तो आधी काळेवाडीला येऊन त्यांना घेईल. वाटेत त्यांनी त्याला पटवून द्यावं. पटलं तर तिथेच निरंक खोडून ख्रिस्ती लिहीन, शब्द देतो. अट एकच. देव आहे असं धरून सुरुवात करायची नाही. प्रार्थना नाही, बायबलचं वचन नाही. शून्यापासून. सर म्हणाले, बरं. मुख्याध्यापकांना, वर्गातल्या दांडगट पोरांना, लग्न ठरवणाऱ्या मामांना, सगळ्यांना ते आजवर बरं म्हणत आले होते. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता नातीच्या पाठीवर काय बसणार हे त्यांच्या बोलण्यावर आहे, आणि बोलणं ही तर त्यांना आयुष्यात कधीच न जमलेली गोष्ट. फळ्याकडे तोंड करून ते उत्तम शिकवत. मुलांकडे वळले की शब्द तोंडातल्या तोंडात भिजायचे.

नाव मात्र त्यांचं शांतवन, म्हणजे सांत्वन. आईबापांनी मोठ्या आशेने ठेवलं असेल. कुसुमताई कधीकधी चिडून म्हणत, की तुमचं नाव ठेवताना पाळकाच्या जिभेला गाठ पडली असणार. त्या दुपारी त्यांनी नवऱ्याला कपाटातली पुस्तकं खाली काढताना पाहिलं, कारण ऐकलं, आणि तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या की पोराने रकान्यात काय लिहिलं ते पाटीवर लिहिल्यासारखं आहे, दिव्याचा बाप्तिस्मा काही कोणी खोडत नाही. पण रात्रीच्या भाकऱ्या त्यांनी त्या दिवशी दोन जास्त थापल्या, त्याही मोजायचं भान राहिलं नाही म्हणून. सरांनी दोनशे पानी वही घेतली. चाळीस वर्षांत वाचलेलं सगळं आठवून ते एकेक वाक्य रचू लागले, अशी वाक्यं की ज्यांच्या शेवटी देव आहे असं निघावं. घड्याळ आहे तर घड्याळजी आहे. हे लिहून त्यांनी लगेच खोडलं, कारण निरंजन विचारेल की घड्याळजीला कोणी केलं. ग्रहांची नियमित गती. खोडलं. आईचं प्रेम. यावर ते बराच वेळ थांबले आणि मग तेही खोडलं, कारण कुत्रीलाही पिल्लं प्रिय असतात असं तो म्हणेल, आणि ते खरंच असतं. पाळकसाहेबांना फोन केला तर त्यांनी मोठ्या आपुलकीने ऐकून घेतलं आणि ‘नास्तिकांना सात उत्तरे’ असं काहीतरी मोबाइलवर पाठवून दिलं. सरांनी ती सातही वाचली. ज्या प्रश्नांची ती उत्तरं होती त्यातला एकही प्रश्न निरंजनने विचारला नव्हता. तो मुळात प्रश्नच विचारत नव्हता. तो फक्त एका रकान्यात सांगण्यासारखं काही नाही असं सांगत होता.

रहाटणीच्या रस्त्याला फारूकचं गॅरेज आहे. हा फारूक सरांचा जुना विद्यार्थी, मराठीत कायम पस्तीस गुण, आणि आज त्या रस्त्यावरच्या निम्म्या दुचाक्या त्याच्या हाताखालून जातात. शनिवारी सकाळी सर नेहमीप्रमाणे तिथल्या बाकड्यावर पेपर घेऊन बसले, पण पेपर उलटा होता हे फारूकनेच दाखवलं. मग सरांनी सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगावं तसं, खाली बघत. फारूकने हातातला पाना पुसला.

“सर, तुमचा-आमचा जो काय झगडा असेल तो पुढच्या स्टॉपचा. तुमचं पोरगं तर बसमध्येच बसलं न्हाई.”

सर हसले, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले म्हणून त्यांनी पेपर वर धरला. फारूक म्हणाला की त्याच्याकडे गाडी चालू होत नाही म्हणून कोणी आलं, तर तो पेट्रोल बघतो, प्लग बघतो. पण कोणी येऊन म्हणालं की पेट्रोल म्हणून काही नसतंच, तर काय उघडून बघायचं? “आणि सर, हे तो उभं राहून म्हणत न्हाई. गाडी चालवता चालवता म्हणतोय.” हे वाक्य घेऊन सर घरी आले, ते त्यांना इतकं आवडलं होतं की जिन्यात त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. खरंच, निरंजन खोटं लिहायला नकार देतोय. म्हणजे खरं-खोटं आहे, आणि खऱ्यासाठी बापाला दुखवावं इतकं ते मोठं आहे, हे तो धरूनच चालला आहे. हे पेट्रोल कुठून आलं? दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना वाटलं, मिळालं. दार उघडता उघडता वाटलं की निरंजन म्हणेल, माझी गाडी इलेक्ट्रिक आहे पप्पा. आणि ते चप्पल न काढता तसेच उंबऱ्यात उभे राहिले.

खरं म्हणजे त्या खरेपणाशी त्यांचं एक जुनं, दुखरं नातं होतं. निरंजन आधी ज्या कंपनीत होता, तिथे एकदा तपासणीत नापास झालेल्या मालाच्या अहवालावर पास म्हणून सही करायला त्याला वरून सांगितलं गेलं. त्याने केली नाही. बढती गेली, वर्षभराने नोकरीही बदलावी लागली. सही नाकारल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा, कधी न उठणारे भालेराव सर उठले होते, आणि त्यांनी सांगितलं होतं की परमेश्वराने माझ्या मुलाला परीक्षेत उभं ठेवलं. मंडळी आमेन म्हणाली. निरंजन शेजारी बसला होता. बाहेर आल्यावर गाडीला किल्ली लावताना तो एवढंच म्हणाला की पप्पा, सही न करणारा मी होतो. तेव्हा सरांना त्यात तरुणपणीचा ताठा दिसला होता. आता, शनिवारची अख्खी दुपार पंख्याकडे बघत पडल्यावर, त्यांना वाटू लागलं की काहीच झालं नाही असं तो म्हणाला तरी झालं ते हेच असेल. मुलाने आयुष्यात केलेली सगळ्यात अवघड गोष्ट आपण त्याच्या हातातून काढून देवाच्या पायाशी ठेवली, त्याला न विचारता. देवाला ती पोचली असेल. पण मुलाचा हात रिकामा राहिला.

रविवारी उपासनेत त्यांनी एक प्रयोग केला, आणि तो त्यांनी करायला नको होता. शून्यापासून सुरुवात करायची तर शून्यात जाऊन उभं राहायला हवं, म्हणून दुसऱ्या गीताच्या सुरुवातीला त्यांनी मनाशी ठरवलं की या गीतापुरता देव नाही. त्यांना वाटलं होतं हे जड जाईल, दार उघडणारच नाही. पण काहीच लागलं नाही. एका क्षणात ते पलीकडे होते. ट्यूबलाइटी होत्या. पंखे होते, पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावं होती, ती फिरताना पुसली जात होती. शंभरसव्वाशे माणसं तोंडं उघडून एकाच वेळी आवाज करत होती. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीचा पदर सरकला होता आणि शेजारच्या मुलीने तो नीट केला. एरवी हे पाहून सरांना बरं वाटलं असतं, आता फक्त एक हात एका कापडाकडे जाताना दिसला. जायला हवा होता असं नाही, जायला नको होता असंही नाही. शेजारी कुसुमताई गात होत्या. पंचेचाळीस वर्षं ओळखीचा तो हनुवटीवरचा तीळ वर-खाली होत होता, आणि तो कोणाचा आहे हे माहीत असूनही त्याने मनात काही हलत नव्हतं. सरांना कळलं की निरंजन इथे राहत नाही. इथे कोणी राहूच शकत नाही. निरंजन दिव्याला ताप आला की रात्रभर बसतो, खोट्या अहवालावर सही करत नाही; या असल्या जागेत राहून ते होत नसतं. तो शून्य म्हणतो ती जागा दुसरीच आहे, सामानाने भरलेली, आणि ते सामान कोणाचं हे तो विचारत नाही. हे उमगलं तेव्हा त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण भीती इतकी दाटली होती की तेवढी सवड नव्हती. ते परत येऊ पाहत होते आणि वाट सापडत नव्हती. मग त्यांना ऐकू आलं की आपण केव्हापासूनच, ओठांच्या आत, बापा, बापा, मला परत घे असं म्हणतो आहोत. कुसुमताईंनी कोपराने ढोसलं. गीतपुस्तकाचं पान चुकलं होतं.

सोमवारी सव्वानऊला निरंजन गाडी घेऊन इमारतीखाली आला. दिव्या वर्षालीबरोबर घरीच होती, आज नुसता अर्ज द्यायचा होता. सर पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला, वही मांडीवर ठेवली. आणि निरंजन किल्लीवर हात ठेवून थांबला. तो का थांबला हे दोघांनाही दोनतीन क्षणांनी एकदमच कळलं. भालेरावांच्या घरात गाडी, मग ती स्कूटर असो की भाड्याची जीप, प्रवासाची प्रार्थना झाल्याशिवाय हललेली नव्हती. लहानपणापासून किल्ली फिरवायचा तो हात बापाच्या आमेनची वाट बघायला शिकला होता आणि डोक्यातला देव गेला तरी हाताला कोणी कळवलं नव्हतं. सरांनी मान खाली घालायला सुरुवात केलेली, ती तशीच अर्ध्यावर थांबवली. अट होती. त्यांनी मान वर केली. निरंजनने किल्ली फिरवली. त्याचे कान लाल झाले होते.

पिंपरीचा पूल, नाशिक फाटा, भोसरी. सरांना एक शब्द सुचेना. वही उघडली तर खोडलेल्या ओळींशिवाय तिच्यात काही दिसेना. प्रार्थना न करता निघालेल्या गाडीत ते आयुष्यात पहिल्यांदाच बसले होते, आणि शेजारून जाणारा प्रत्येक कंटेनर आपल्याच अंगावर वळतोय असं त्यांना वाटत होतं. चाकणकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर कंटेनरांखेरीज दुसरं आहे काय. एका कंटेनरमध्ये नव्या कोऱ्या गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या, एकीचं मागचं चाक हवेत तरंगल्यासारखं डोलत होतं. प्रार्थना करायची नाही, करायची नाही, असं ते स्वतःला बजावत होते. भोसरीच्या पुलाखाली गाडी अडकली आणि पुढे मोशीपर्यंत लाल दिव्यांची रांग दिसू लागली तेव्हा निरंजन म्हणाला, हं, पप्पा. वेळ आहे आपल्याला.

“निरंजन, मी प्रार्थना न करायचा प्रयत्न करतोय,” सर म्हणाले. “काळेवाडीपासून. आणि तो जमावा म्हणून मी देवाचीच मदत मागतोय.”

निरंजनला हसू आलं. मोठ्याने हसला तो, आणि सरांनाही थोडं हसू आलं, आणि त्या हसण्यामुळे की काय, पुढचं बोलता आलं. त्यांनी विचारलं की अर्जात खोटं का लिहायचं नाही. निरंजन म्हणाला, हे काय विचारणं झालं. त्याने आपल्या कामातलं सांगितलं, की एक खोटा अहवाल गेला तर ब्रेक लागत नाही, आणि कुठेतरी एखादा माणूस मरतो.

“मेला तर काय?”

सरांनीच हे म्हटलं होतं. निरंजनने स्टिअरिंगवरचे हात काढून त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात झुरळ मारताना डोळे मिटले तो माणूस. “पप्पा, असं नका बोलू.”

“मी नाही बोलत. तू जिथून सुरुवात करायला सांगितलीस तिथून बोलतोय. काल मी तिथे जाऊन आलो. तिथून मला तुझी आईसुद्धा दिसेना.”

रांग दहा-वीस फूट सरकली. मग निरंजन म्हणाला की त्याला दिसते. आई दिसते, दिव्या दिसते, ब्रेक न लागलेल्या गाडीतला अनोळखी माणूसही दिसतो. त्यासाठी त्याला देव लागत नाही. हे तो वाद घालायला म्हणत नव्हता, तसंच होतं म्हणून म्हणत होता, आणि सरांना ते खरंच वाटलं. त्यांनी मान डोलावली. दिसतो, हे आपलं दोघांचं एकच आहे, ते म्हणाले. का दिसतो ते मी सांगू शकतो. तू सांगायचं सोडून देतोस. खरं बोलावं हे तू कुठे सिद्ध केलंस? तू तिथून निघालास. मीही कुठूनतरी निघालोय.

“म्हणजे तुमच्याकडे पुरावा नाही.”

“पुरावा कशाला म्हणायचं हे ज्याच्यामुळे ठरतं, त्याचाच पुरावा तू मागतोस. मी आणू कुठून?”

मागून हॉर्न वाजला. निरंजनने गाडी पुढे घेतली. समजा, तो म्हणाला, समजा असं काहीतरी आहे, खऱ्याच्या मागे, चांगल्याच्या मागे. फारूकभाईही ते मानतात, आत्याच्या शेजारच्या देशमुख काकूही मानतात. तरी मी ख्रिस्ती कसं लिहू? त्याला तुम्ही बाप का म्हणता? सर खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्याकडेला फ्लॅटच्या जाहिरातींचे फलक एकामागे एक उभे होते, प्रत्येकावर हसणारं एक कुटुंब. या प्रश्नावर त्यांनी काहीच लिहून आणलं नव्हतं, हा प्रश्न आपल्याला विचारला जाईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. ते हळूहळू म्हणाले की वधस्तंभावर तो मरत होता तेव्हा त्यानेही विचारलं होतं, की देवा, तू मला का सोडलंस. त्या घटकेला त्याच्याकडेही पुरावा नव्हता. होता तो उलटाच. तरी त्याने विचारलं ते त्यालाच. देव सोडून गेला अशी तक्रार घेऊनही तो दुसऱ्या कोणाकडे गेला नाही. “मला वादातलं कळत नाही रे. पण मी काल बाकावर घाबरलो तेव्हा मला त्याचाच रस्ता माहीत होता. म्हणून मी त्याचा.”

निरंजन म्हणाला, पटलं नाही पप्पा. मोशीच्या चौकात वळताना म्हणाला. आवाज मऊ होता. म्हणाला, पण तुम्ही लबाडी केली नाहीत, मला वाटलं होतं घड्याळ आणि घड्याळजी काढाल. सरांनी वही मिटली. हरलो, एवढंच त्यांना कळलं. चिमटा डावीकडून सगळ्या छातीत पसरला. त्यांना वाटलं, दुसरा कोणी असता, नीट बोलणारा, न अडखळणारा, तर हे झालं असतं. देवाने या कामाला माणूस चुकीचा धाडला.

शाळेच्या खिडकीपाशी पंधरावीस पालक होते. नंबर आला तेव्हा आतल्या बाईंनी अर्ज घेतला आणि संगणकावर एकेक ओळ चढवू लागल्या. धर्मापाशी थांबल्या. हे निरंक घेत नाही, त्या म्हणाल्या, इथे यादी येते. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, शीख, जैन, इतर. निरंजनने विचारलं, रिकामं ठेवलं तर. बाई म्हणाल्या की रिकामं ठेवताच येत नाही, काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मागे कोणीतरी घड्याळात पाहून जीभ चुकचुकवली. निरंजन गोंधळला, मशीनपुढे त्याचं असं कधी होत नसे. बाईंनी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

“आजोबा ना तुम्ही? तुमचा काय धर्म आहे सांगा. तेच टाकते, नंतर बघा.”

सगळे त्यांच्याकडे बघत होते. निरंजनही वळला होता. त्याच्या चेहऱ्यावर विरोध नव्हता. म्हणा पप्पा, असंच काहीसं होतं, थकलेलं आणि मायेचं. एक शब्द म्हणायचा होता. तो म्हटला असता तर पोरीच्या दाखल्यावर कायमचा बसला असता, आणि कुसुमताईंना संध्याकाळी सांगता आलं असतं, आणि कोणी त्यांना दोष दिला नसता, कारण विचारलं त्यांना होतं आणि त्यांचं उत्तर खरंच होतं. सरांनी तोंड उघडलं. अर्जाच्या तळाशी, खिडकीच्या फळीवर, निरंजनची सही दिसत होती. भा मोठा, पुढची अक्षरं एका ओढीत. वरील माहिती सत्य आहे.

“इतर,” सर म्हणाले. “इतर टाका.”

बाईंनी टाकलं. पान पुढे गेलं. पावती छापून आली, पुढच्या नंबराचा पुकारा झाला. अंगणात आल्यावर सर थांबले. आपण काय केलं हे त्यांना आता दिसू लागलं होतं, आणि ते कोणत्या बाजूने पाहावं हे कळत नव्हतं. बायबलमधल्या ज्या शिष्याने लोकांपुढे विचारल्यावर प्रभूला नाकारलं त्याच्या ओळीत आपणही जाऊन बसलो की काय, असं मनात आलं. निरंजन पावतीची घडी घालत त्यांच्याजवळ आला.

“तुम्ही ख्रिश्चन म्हणाला असतात तर मी काही बोललो नसतो, पप्पा. मला वाटलं तेच म्हणाल.”

“माहीत आहे.”

“मग का नाही म्हणालात?”

“खाली तुझी सही होती. ती खोटी झाली असती.”

“झाली असती तर काय?” निरंजनने विचारलं. टोमणा म्हणून नव्हे. त्याला खरंच ऐकायचं होतं.

“देव आहे म्हणून,” सर म्हणाले.

म्हटल्यावर ते स्वतःच दचकले. इतकं उघडं वाक्य. पुढे काही नाही, मागे काही नाही, चाळीस वर्षांच्या वाचनातलं एक अक्षर त्यात नाही. निरंजनच्या डोळ्यांत काय होतं ते सरांना नीट वाचता आलं नाही.

“हेच म्हणायचं होतं तर शुक्रवारीच फोनवर म्हणायचं ना,” तो म्हणाला. “आई सांगत होती, तीन दिवस धड जेवला नाहीत.”

“शुक्रवारी,” सर म्हणाले, “मी ते वाक्याच्या शेवटी लिहीत होतो.”